टर्मिनलवर चालते, प्रोग्रॅममधून चालत नाही: सी मधल्या सिस्टम() ची नेहमीची दुखणी

"दादा, तीच कमांड मी हाताने मारली की पावती येते. प्रोग्रॅममधून येत नाही."

गळीत हंगाम सुरू झाला की पहिल्या पंधरवड्यात हा फोन ठरलेला. साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांवर जे छोटे लिनक्स संगणक असतात, त्यांवरचे सी प्रोग्रॅम सांभाळायचं काम मी करतो. प्रोग्रॅम साधाच आहे. सिरियल पोर्टवरून वजन वाचायचं, पावतीची फाइल तयार करायची आणि सिस्टम() ला, म्हणजे प्रोग्रॅममधून कमांड चालवणाऱ्या फंक्शनला, 'एलपी' ही छपाईची कमांड देऊन ती छापायची. उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर, ड्रायव्हरचा हात खिडकीत, मागे रांग, आणि पावती नाही. अशा वेळी डोकं शांत ठेवून काय काय तपासायचं, ते इथे लिहून ठेवतो. तुमच्याकडे काटा नसेल, बॅकअप असेल, कॉलेजचं प्रॅक्टिकल असेल, तरी दुखणं हेच असतं.

कमांडची आणि फंक्शनची नावं मी देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती इंग्रजीत करायची.

लक्षणं

खालीलपैकी एखादं तरी दिसत असेल तर पुढे वाचा:

- कमांड टर्मिनलवर चालते, प्रोग्रॅममधून काहीच होत नाही आणि चूकही दिसत नाही.
- हाताने प्रोग्रॅम चालवला तर ठीक. मशीन सुरू होताना आपोआप किंवा क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय) चालला तर नाही.
- सिस्टम() कडून ३२५१२, ३२२५६, ५१२, २५६ असे विचित्र आकडे येतात. किंवा काम झालेलं असतं, तरी उणे एक येतो.
- 'सीडी' चा उपयोग होत नाही, प्रोग्रॅम आहे त्याच फोल्डरमध्ये राहतो.
- लॉगमध्ये ओळींचा क्रम उलटसुलट लागतो.
- काही ठरावीक नावांनाच अडतं, बाकी दिवसभर सुरळीत.
- कंट्रोल-सी दाबून प्रोग्रॅम थांबत नाही.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. सिस्टम() तुमची कमांड स्वतः चालवत नाही. ते एक नवीन शेल, म्हणजे कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, उभं करतं ('/बिन/एसएच', '-सी' पर्याय लावून), तुमची अख्खी स्ट्रिंग त्याच्या हातात देतं आणि ते शेल संपेपर्यंत थांबतं. हे शेल म्हणजे तुमचं टर्मिनल नव्हे. त्याला तुमचे एलिअस (कमांडला दिलेली टोपणनावं) माहीत नाहीत, तुमची बॅशआरसी ही सेटिंगची फाइल ते वाचत नाही, आणि काम झालं की ते मरतं. वरची बहुतेक लक्षणं एवढ्यातूनच निघतात.

पहिली तपासणी, फुकटातली: आलेला आकडा वाचा

मला पाठवलेल्या दहातल्या आठ प्रोग्रॅममध्ये सिस्टम() चं उत्तर कोणी व्हेरिएबलमध्ये घेतलेलंच नसतं. आधी ते घ्या आणि छापा. लिनक्सवर हा आकडा थेट एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना निकाल म्हणून देते तो आकडा, नसतो. एक्झिट कोड गुणिले २५६ असा तो येतो. म्हणून ३२५१२ म्हणजे १२७: शेलला कमांड सापडली नाही. ३२२५६ म्हणजे १२६: फाइल सापडली, पण चालवता येत नाही. २५६ म्हणजे साधा १. आकडा शून्याहून मोठा पण २५६ पेक्षा लहान असेल, तर ते शेल सिग्नल (प्रोसेसला बाहेरून येणारा इशारा) लागून मेलं. प्रोग्रॅममध्ये भागाकार करत बसू नका. 'सिस/वेट.एच' मधले 'डब्ल्यूइफएक्झिटेड' आणि 'डब्ल्यूएक्झिटस्टेटस' हे मॅक्रो त्यासाठीच आहेत. हे गणित विंडोजवर लावू नका, तिथे एक्झिट कोड तसाच येतो.

एक्झिट कोड १ दिसला म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. 'ग्रेप' ला काही सापडलं नाही तर ते १ देतं. 'डिफ' ला दोन फाइलींत फरक दिसला तरी १. उलटीकडून, शून्य आला म्हणजे सगळं ठीक असंही नाही. पाइप लावलेल्या कमांडमध्ये शेवटच्या तुकड्याचाच निकाल मिळतो, आधीचा तुकडा आपटला तरी कळत नाही. आणि शेवटी '&' लावलं असेल तर शेल काम मागे सोडून लगेच शून्य देऊन मोकळं होतं. मागे काय झालं याच्याशी त्या शून्याचा संबंध नसतो.

दुसरी: नक्की कोणती स्ट्रिंग जातेय ते बघा

कमांडची स्ट्रिंग सिस्टम() ला देण्याआधी एकदा छापा, दोन्ही टोकांना चौकटी कंस लावून. हे वाचायला पोरखेळ वाटेल, पण माझे सर्वांत जास्त तास इथेच वाचलेत.

एक खरा किस्सा. प्रिंटरचं नाव एका सेटिंगच्या फाइलमधून 'एफगेट्स' ने वाचलं होतं. एफगेट्स ओळीच्या शेवटचं न्यूलाइन काढत नाही, नावाला चिकटवूनच देतं. मग तयार झालेली कमांड पडद्यावर अशी दिसली:

[एलपी -डी काटा१
/टेंप/पावती.टीएक्सटी]

एक ओळ हवी होती, झाल्या दोन. शेलने त्या दोन वेगळ्या कमांड समजल्या. पहिल्या कमांडला छापायला फाइलच मिळाली नाही, म्हणून एलपी कीबोर्डवरून मजकूर येईल याची वाट बघत बसलं. काट्यावरचा पोरगा म्हणाला "हँग झालं". कंट्रोल-डी दिल्यावर शेल दुसऱ्या ओळीवर गेलं आणि पावतीची फाइलच प्रोग्रॅमसारखी चालवायला निघालं. तिला चालवायची परवानगी नाही, म्हणून १२६, म्हणजे आपला ३२२५६. पडद्यावर 'एसएच: २:' ने सुरू होणारी 'परमिशन डिनाइड' ची ओळ होती. तो '२' म्हणजे दुसरी ओळ. एका ओळीच्या कमांडमध्ये दुसरी ओळ आली कुठून, हा प्रश्न पडला की न्यूलाइन शोधायचं. त्याआधी आम्ही दीड तास प्रिंटरची केबल बदलत होतो.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी सापडतात. एक, कमांडसाठी पन्नास अक्षरांची जागा ठेवलेली आणि 'एसप्रिंटएफ' ने त्यात सत्तर अक्षरं ओतलेली. असा प्रोग्रॅम कधी चालतो, कधी कोसळतो, आणि लोक हवामानाला दोष देतात. 'एसएनप्रिंटएफ' वापरा आणि त्याने परत दिलेला आकडा जागेपेक्षा लहान आहे ना ते बघा. नाहीतर कमांड शेपूट तुटून जाते, आणि तुटलेली 'आरएम' कमांड काय करू शकते याचा विचार करा. दुसरी, विंडोजवरचे पाथ. 'सी:\टेंप\न्यू' हे स्ट्रिंगमध्ये एकेरी बॅकस्लॅशने लिहिलं की सी भाषा टेंपच्या 'टी' ला टॅब समजते आणि न्यूच्या 'एन' ला नवीन ओळ. कंपायलर यावर चकार शब्द काढत नाही, कारण दोन्ही गोष्टी त्याच्या मते कायदेशीर आहेत. बॅकस्लॅश दोन द्यायचे.

तिसरी: एररचा निरोप हरवू देऊ नका

शेल बिचारं ओरडत असतं, पण मशीन सुरू होताना चालणाऱ्या प्रोग्रॅमला पडदाच नसतो. कमांडच्या शेवटी '२>> /टेंप/काटा.लॉग' जोडा. एररचा मजकूर त्या फाइलमध्ये जमा होईल. पुढच्या सगळ्या तपासण्या या फाइलमध्ये बघत करायच्या.

लॉगमधला क्रम उलटा लागत असेल, म्हणजे 'छापतोय' ही तुमची ओळ कमांडच्या आउटपुटनंतर दिसत असेल, तर कमांड आधी चालली असं समजू नका. पडद्यावर लिहिताना प्रिंटएफ ओळ संपली की मजकूर सोडतं. फाइलकडे वळवलं की बफर भरेपर्यंत साठवून ठेवतं. तेवढ्यात शेल येतं आणि स्वतःचं लिहून जातं. प्रत्येक सिस्टम() च्या आधी 'एफफ्लश(एसटीडीआउट)'. विषय संपला.

चौथी: वातावरण वेगळं आहे

"हाताने चालतो, आपोआप चालत नाही" याचं उत्तर बहुतेक वेळा इथे मिळतं. तुमच्या टर्मिनलमध्ये 'पाथ', म्हणजे कमांड कोणकोणत्या फोल्डरमध्ये शोधायच्या ती यादी, लांबलचक असतो. डेबियन-उबुंटूच्या क्रॉनमध्ये तो फक्त '/यूएसआर/बिन:/बिन' एवढाच. तुमची स्क्रिप्ट '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये असेल तर क्रॉनच्या लेखी ती अस्तित्वातच नाही, आणि १२७ हजर. चालू फोल्डरही वेगळा असतो, त्यामुळे './' ने सुरू होणारे फाइलींचे पाथ भलतीकडे बघतात.

क्रॉनची वाट न बघता हे टर्मिनलवरच करून बघता येतं:

एन्व्ह -आय पाथ=/यूएसआर/बिन:/बिन एसएच -सी 'तुमची कमांड'

इथे चालली तर तिथेही चालण्याची शक्यता चांगली. अडली तर कमांडचा आणि फाइलींचा पूर्ण पाथ लिहा. मी तर आता सगळीकडे पूर्णच लिहितो. दिसायला कुरूप, पण रात्री फोन येत नाही.

छपाईवाल्यांसाठी एक जास्तीची खोच. 'एलपी' चा डीफॉल्ट प्रिंटर प्रत्येक वापरकर्त्याचा वेगळा असू शकतो. तुमच्या लॉगिनने ठरवलेला प्रिंटर तुमच्याच होम फोल्डरमधल्या '.कप्स' मध्ये लिहिलेला असतो. प्रोग्रॅम रूटच्या (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याच्या) नावाने चालला की त्याला तो दिसत नाही, आणि लॉगमध्ये 'नो डीफॉल्ट डेस्टिनेशन' अशा अर्थाची ओळ येते. '-डी' देऊन प्रिंटरचं नाव दरवेळी सांगा.

'सीडी' ची तक्रारही याच घरातली. सिस्टम() मधून 'सीडी' केलं की नवं शेल त्या फोल्डरमध्ये जातं आणि तिथेच मरतं. तुमचा प्रोग्रॅम जागचा हलत नाही. 'एक्सपोर्ट' चंही तेच. प्रोग्रॅममध्ये 'सीएचडीआयआर()' आणि 'सेटएन्व्ह()' ही फंक्शनं आहेत, ती वापरा.

पाचवी: हे शेल बॅश आहे का?

शेलचेही प्रकार असतात. टर्मिनलवर बहुधा बॅश असतं.

'एलएस -एल /बिन/एसएच' करून बघा. उबुंटूवर २००६ च्या ६.१० आवृत्तीपासून '/बिन/एसएच' म्हणजे डॅश नावाचं साधं शेल आहे; डेबियननेही २०११ च्या स्क्वीझपासून तेच केलं. फेडोरावर मात्र तिथे बॅश असतं. म्हणून ऑफिसच्या फेडोरावर लिहिलेला प्रोग्रॅम काट्यावरच्या डेबियनवर नेला की दुहेरी चौकटी कंसातली अट, 'सोर्स', अ‍ॅरे, काहीच चालत नाही. लॉगमध्ये 'सोर्स: नॉट फाउंड' दिसलं की ओळखायचं. 'सोर्स' च्या जागी नुसता टिंब, दुहेरी कंसाच्या जागी एकेरी. फारच बॅशचं काम असेल तर वेगळी स्क्रिप्ट लिहा, तिच्या पहिल्या ओळीत '#!' लावून बॅशचा पाथ द्या आणि ती स्क्रिप्ट चालवा. '/बिन/एसएच' ची लिंकच बदलून बॅशकडे वळवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. मशीनच्या इतर स्क्रिप्टही त्याच शेलवर चालत असतात.

सहावी: नावातलं चिन्ह

कोकणातल्या एका वाहतूकदाराचा ट्रक आला की पावती अडायची. फक्त त्याचीच. तिथल्या लोकांनी त्याचा पायगुण काढायला सुरुवात केली होती. आकडा येत होता ५१२, म्हणजे २, आणि पडद्यावर 'अनटर्मिनेटेड कोटेड स्ट्रिंग'. मालकाचं आडनाव डि'सोझा. प्रोग्रॅम नाव एकेरी अवतरणात घालून कमांडमध्ये चिकटवत होता. आडनावातल्या त्या चिन्हाने अवतरण मधेच बंद झालं, पुढचं उघडं राहिलं, आणि शेलने हात वर केले.

हे हसण्यावारी नेऊ नका. जिथे डि'सोझाने कमांड मोडते, तिथे नावाच्या रकान्यात अर्धविराम टाकून पुढे 'आरएम' लिहिणारा माणूस तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालवू शकतो. नावातली चिन्हं काढून टाकायची असे तात्पुरते उपाय मीही केले आहेत, आणि दर वेळी एखादं चिन्ह राहिलंच: कधी डॉलर, कधी बॅकटिक. बरा उपाय म्हणजे शेललाच मधून काढून टाकणं. 'फोर्क' करून 'एक्झेकव्हीपी', किंवा 'पॉझिक्स_स्पॉनपी'. तिथे प्रत्येक आर्ग्युमेंट वेगळं जातं. नावात काहीही असो, ते नावच राहतं. फक्त उणे चिन्हाने सुरू होणारं नाव कमांड पर्याय समजू शकते, तेवढं बघा. लिहायला वीस-पंचवीस ओळी जास्त लागतात. लिहा.

आणि त्याही आधी स्वतःला विचारा की कमांड चालवायची गरजच आहे का. फाइल पुसायला 'अनलिंक()', नाव बदलायला 'रीनेम()', तारखेला 'एसटीआरएफटाइम()', सिरियल पोर्टच्या सेटिंगला 'टीसीसेटअ‍ॅटर()'. कमांडचं आउटपुट प्रोग्रॅममध्ये हवं असेल तर सिस्टम() ऐवजी 'पीओपन()', आणि ते बंद करायला 'पीक्लोज()'. तिथे 'एफक्लोज()' केलं की एक्झिट कोडही जातो आणि मेलेली प्रोसेस झोम्बी होऊन यादीत राहते.

सातवी: सिग्नल आणि उघड्या फाइली

इथून पुढचं थोडं किचकट.

दर पाच सेकंदांनी काही करायचं म्हणून लूपमध्ये सिस्टम() ला 'स्लीप ५' देणारे लोक आहेत. असा प्रोग्रॅम कंट्रोल-सी ने थांबत नाही. सिस्टम() वाट बघत असताना मूळ प्रोग्रॅम तो सिग्नल कानाआड करतो, नियमच तसा आहे. मरतं ते फक्त शेल आणि त्यातलं स्लीप. लूप पुन्हा फिरतो. आलेल्या आकड्यावर 'डब्ल्यूइफसिग्नल्ड' लावून बघा आणि सिग्नल आला असेल तर लूप तोडा. नुसतं थांबायचं असेल तर 'स्लीप()' हे फंक्शन वापरा.

काम झालं तरी उणे एक, आणि एररनोमध्ये (चुकीचं कारण सांगणारा सी मधला आकडा) 'ईचाइल्ड', लिनक्सवर १०: प्रोग्रॅममध्ये 'सिगचाइल्ड' शोधा, म्हणजे आपण सुरू केलेली प्रोसेस संपल्याचा सिग्नल. झोम्बी नकोत म्हणून कोणीतरी वर 'सिग_इग्न' (सिग्नलकडे दुर्लक्ष कर) लावून ठेवलेलं असतं. त्यामुळे शेल संपल्याबरोबर कर्नल त्याची नोंद पुसतो, आणि सिस्टम() निकाल विचारायला जातं तेव्हा सांगायला कोणी उरलेलं नसतं. सिस्टम() च्या आधी तो सिग्नल 'सिग_डीएफएल' वर, म्हणजे मूळ वागणुकीवर, आणा.

उघड्या फाइलींनी माझा एक अख्खा रविवार खाल्लाय. प्रोग्रॅमची एकच प्रत चालावी म्हणून मी एका फाइलवर 'एफलॉक' लावत होतो. रात्री बॅकअपची स्क्रिप्ट सिस्टम() मधून '&' लावून मागे सोडायचो. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की म्हणायचा, "दुसरी प्रत चालू आहे." यादीत तर दुसरी प्रत नाही! लॉकची उघडी फाइल बॅकअपच्या स्क्रिप्टला वारशाने मिळाली होती. ती चालू असेपर्यंत लॉक सुटत नव्हतं. फाइल उघडताना 'ओ_क्लोएक्झेक' (नवी कमांड सुरू होताना ही फाइल बंद कर) लावलं आणि प्रश्न मिटला. सिरियल पोर्ट आणि सॉकेट उघडतानाही हीच काळजी घ्या.

एवढं करूनही कळलं नाही तर 'एसट्रेस -एफ -ई एक्झेकव्हीई' ने प्रोग्रॅम चालवा. कर्नलला नक्की कोणती कमांड, कोणत्या आर्ग्युमेंटने चालवायला सांगितली गेली, ते ओळीओळीने दिसतं. तिथे खोटं बोलायला वाव नाही.

विंडोजवाल्यांसाठी थोडक्यात

विंडोजवर शेल म्हणजे सीएमडी. पाथमध्ये 'प्रोग्रॅम फाइल्स' सारखी मोकळी जागा असेल तर अवतरण लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण प्रोग्रॅमचा पाथ आणि फाइलचा पाथ, दोन्ही अवतरणात घातले की सीएमडी पहिलं आणि शेवटचं अवतरण काढून फेकतं आणि 'सी:\प्रोग्रॅम' नावाची कमांड शोधत बसतं. अख्ख्या कमांडभोवती आणखी एक जोडी द्या.

डिप्लोमाच्या मुलांचा ठरलेला प्रश्न: टर्बो सी मध्ये संगणक बंद करायचा प्रोग्रॅम लिहिला, बंद होत नाही. तुमचं टर्बो सी डॉसबॉक्सच्या आत चालतंय. तो नकली डॉस आहे, त्याला बाहेरचं विंडोज माहीत नाही. विंडोजची शटडाउन फाइल तिथे चालवलीत तर 'डॉस मोडमध्ये चालणार नाही' अशा अर्थाची ओळ येईल. चूक तुमच्या कोडची नाही. जीसीसी घ्या.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

- उणे एक आणि एररनोमध्ये मेमरी नसल्याचं किंवा प्रोसेसची मर्यादा संपल्याचं कारण दिसलं तर मशीनचं एकूण काहीतरी बिघडलंय. सिस्टम अ‍ॅडमिनला सांगा. मर्यादा स्वतः वाढवू नका.
- परवानग्या ठीक दिसतात, तरीही नकार, आणि सिस्टमच्या लॉगमध्ये सेलिनक्सची किंवा अ‍ॅपआर्मरची (लिनक्सवरचे सुरक्षेचे पहारेकरी) नोंद. ते बंद करून 'चालतंय का बघू' हा प्रयोग चालू मशीनवर करायचा नाही.
- प्रोग्रॅम सेटयूआयडी आहे (कोणीही चालवला तरी फाइलच्या मालकाच्या अधिकाराने चालतो), किंवा कमांडमधला मजकूर नेटवर्कवरून, वेब फॉर्ममधून येतो. अशा प्रोग्रॅममध्ये सिस्टम() दुरुस्त करायचं नसतं, काढायचं असतं, आणि ते काम सुरक्षेतलं कळणाऱ्या माणसाकडून तपासून घ्यायचं.
- आणि काट्यावरच्यांसाठी खास. पावती येत नाही म्हणून वजन दाखवणारा इंडिकेटर कोणी उघडायला निघालं तर हात धरा. त्याचं सील वैधमापन शास्त्र खात्याचं असतं. सील तुटलं की काटा पुन्हा पडताळून मुद्रांकित होईपर्यंत वापरता येत नाही, आणि तोवर बाहेरची रांग गावाच्या वेशीपर्यंत गेलेली असते. वजन पडद्यावर बरोबर दिसतंय ना? मग दुखणं इंडिकेटरमध्ये नाही. लॉगची फाइल आणि सिस्टम() चा आकडा, एवढं मला पाठवा.